शेतरस्त्याचे वाद आणि जमिनीवरचे निर्बंध : औंढे शिवाराच्या उदाहरणातून

आजचा पाठ जमिनीचा आहे, पण सातबारा वाचण्यापुरता नाही. आज आपण दोन प्रश्न बघणार आहोत. पहिला : माझ्या शेतात जायला दुसऱ्याच्या शेतातून जावं लागतं, तर तो मला अडवू शकतो का? दुसरा : जमीन विकताना खरेदीखतात घातलेली अट पुढच्या मालकाला बांधते का? दोन्ही प्रश्न ऐकायला साधे वाटतात. पण तालुक्याच्या ठिकाणी तहसील कचेरीत आणि दिवाणी न्यायालयात जे अर्ज पडून असतात, त्यातले कितीतरी याच दोन प्रश्नांभोवती फिरतात.

उदाहरणासाठी आपण मावळ तालुक्यातलं औंढे गाव घेऊ. लोणावळ्याच्या जवळचं हे गाव. शेजारून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग गेलेला. पाऊस भरपूर, जमीन उताराची, शेती मुख्यतः भाताची. अशा भागात रस्त्याचा वाद का पेटतो, हे आधी समजून घेऊ.

१. वादाचं मूळ कुठे आहे?

भाताच्या खाचरात पूर्वी रस्ता असा वेगळा आखलेला नसायचा. पावसाळ्यात माणूस बांधावरून चालत जायचा. भात कापून झालं की तेच खाचर मोकळं व्हायचं आणि बैलगाडी सरळ खाचरातून जायची. खळ्यावर भारे न्यायचे, शेणखत टाकायचं, सगळं मोकळ्या खाचरातून. कोणी कोणाला अडवत नसे, कारण आज मी तुझ्या खाचरातून गेलो तर उद्या तू माझ्या खाचरातून जाणार.

मग तीन गोष्टी बदलल्या. एक, भावाभावांत वाटप झालं आणि जमिनीचे पट्टे अरुंद झाले. दोन, बैलगाडीच्या जागी पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर आला. त्याला बांध पुरत नाही. तीन, लोणावळ्याच्या आसपास बंगले आणि फार्महाऊससाठी जमिनीला भाव आला. रस्त्याकडेचा पट्टा आधी विकला गेला, त्याला तारेचं कुंपण पडलं आणि मागचा शेतकरी आत अडकला. ज्या वाटेने आजोबा गेले, तिथे आता लोखंडी फाटक आणि कुलूप.

इथे खरंच काय पणाला लागतं ते लक्षात घ्या. जमिनीला वाट नसेल तर यंत्र आत जात नाही, पीक बाहेर येत नाही. आणि विकायला गेलं तर रस्त्याविना जमिनीला कोणी भाव देत नाही. पुढचा मालक मग तीच जमीन पडत्या किमतीत मागतो. म्हणजे रस्त्याचा वाद हा बऱ्याचदा जमीन टिकवण्याचाच वाद असतो.

२. वहिवाटीचा हक्क म्हणजे काय?

आपण बोलताना 'वहिवाट' म्हणतो. कायद्याच्या मराठीत त्याला 'सुविधाधिकार' म्हणतात. यासाठी भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ हा कायदा आहे. आपल्याकडे, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्यात, तो १८९१ साली लागू झाला.

या कायद्यात नेहमी दोन जमिनी असतात. एक लाभ घेणारी जमीन, दुसरी भार सोसणारी जमीन. हक्क माणसाला चिकटत नाही, जमिनीला चिकटतो. म्हणून जमीन विकली तरी हक्क आणि भार दोन्ही जमिनीबरोबर पुढे जातात. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

रस्त्याचा हक्क मुख्यतः चार मार्गांनी मिळतो :

(अ) लिहून दिलेला हक्क. मालकाने दस्त करून 'या बाजूने इतका फूट रस्ता दिला' असं लिहून देणं. दस्त नोंदणीकृत असेल तर वाद सगळ्यात कमी.

(आ) गरजेचा हक्क (कलम १३). जमीन विकल्यामुळे किंवा वाटप झाल्यामुळे एखादा हिस्सा असा आत अडकला की दुसऱ्या हिश्श्यातून गेल्याशिवाय तिथे पोचताच येत नाही, तर तिथे जाण्याचा हक्क आपोआप निर्माण होतो. भावांच्या वाटपात हे कलम फार महत्त्वाचं. वाटणीपत्रात रस्ता लिहायला विसरले तरी हक्क मरत नाही. रस्ता कुठून द्यायचा हे भार सोसणाऱ्या हिश्श्याचा मालक ठरवू शकतो, पण तो वापरणाऱ्याला वाजवी सोयीचा असला पाहिजे (कलम १४).

(इ) दीर्घ वापराचा हक्क (कलम १५). २० वर्षं सलग, उघडपणे, शांततेत आणि 'हा माझा हक्क आहे' या भावनेने वापर केला तर हक्क मिळतो. जमीन सरकारची असेल तर २० ऐवजी ३० वर्षं.

(ई) रूढीचा हक्क (कलम १८). गावाच्या जुन्या चालीने मिळालेला हक्क.

आता इथे विद्यार्थी नेहमी गोंधळतात. 'आम्ही ४० वर्षं जातोय' एवढं म्हटलं की हक्क सिद्ध झाला, असं नाही. शेजाऱ्याच्या परवानगीने जात असाल तर ती परवानगी झाली, हक्क नव्हे. 'अण्णा, जरा गाडी नेऊ का?' असं दरवर्षी विचारून गेलेला माणूस कलम १५ खाली येत नाही. तसंच, वाटपाआधी सगळी जमीन एकत्र होती त्या काळातला वापर धरता येत नाही, कारण स्वतःच्याच जमिनीवर स्वतःची वहिवाट असू शकत नाही.

गरजेच्या हक्कालाही मर्यादा आहे. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका २० फुटी रस्त्याच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. दुसरी वाट उपलब्ध असेल, भले ती लांबची असली तरी, गरजेचा हक्क सांगता येत नाही. त्याच निकालात आणखी एक धडा आहे. २० वर्षांचा वापर दाव्यात नीट मांडावा लागतो आणि ज्याने तो स्वतः पाहिला आहे अशा साक्षीदाराने सिद्ध करावा लागतो. नंतर आलेल्या मुखत्याराची साक्ष आधीच्या काळासाठी पुरत नाही. म्हणून गावातल्या ज्येष्ठ माणसाची साक्ष इथे कागदाइतकीच मोलाची.

आणि गरज संपली की हक्कही संपतो (कलम ४१). मागच्या शेताला दुसऱ्या बाजूने ग्रामपंचायतीचा नवा रस्ता लागला, तर केवळ गरजेवर उभा असलेला जुना हक्क उरत नाही.

३. तहसीलदारांकडचे दोन दरवाजे

दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून शेतकऱ्यासाठी तहसीलदारांकडे दोन वेगळे मार्ग ठेवले आहेत. मावळात तहसील कचेरी वडगावला आहे. हे दोन मार्ग एकमेकांत मिसळू नका, परीक्षेतही नको आणि प्रत्यक्षातही नको.

*पहिला दरवाजा : मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५.* रस्ता आधीपासून आहे, वापरात होता, आणि कोणीतरी तो अडवला. अशा वेळी अडथळा दूर करण्याचा आणि पुन्हा अडवू नये असा मनाई हुकूम देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. याच कलमात पाण्याचाही विषय येतो. वरच्या माणसाने भिंत घालून उताराचं नैसर्गिक पाणी अडवलं तर त्यासाठीही हाच अर्ज. डोंगरउताराच्या खाचरांत हे कलम रस्त्याइतकंच कामाला येतं.

अट एकच पण कडक : अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला पाहिजे. अर्जात दोन्ही बाजूंची नावं, वय, धंदा, पत्ता, अडथळ्याचं स्वरूप व जागा, तो कधी आला ती तारीख, कागदपत्रं आणि साक्षीदारांची यादी द्यावी लागते. तारीख न लिहिलेला अर्ज म्हणजे दार न लावलेलं घर. निकालावर अपील नाही, पण जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणी मागता येते (कलम २३). हे काम बहुधा प्रांताधिकाऱ्यांकडे सोपवलेलं असतं. मनाई हुकूम मोडला तर फौजदारी गुन्हा होतो. पूर्वी त्यासाठी भारतीय दंड संहितेचं कलम १८८ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ आहे.

*दुसरा दरवाजा : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४३.* रस्ता नाहीच, किंवा होता हे सिद्ध करता येत नाही, पण शेतात जायला वाट हवी आहे. अशा वेळी दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, रस्ता मागता येतो. निर्णय देताना तहसीलदारांनी शेतात जाण्याची शेतकऱ्याची वाजवी गरज लक्षात घ्यायची, असं कलमातच सांगितलेलं आहे. 'हद्दीवरून' हा शब्द महत्त्वाचा. शेजाऱ्याच्या शेताच्या मधोमध पट्टा कापून मागण्यासाठी हे कलम नाही.

अर्जासोबत आपला सातबारा, लगतच्या गटांचे सातबारे, शेजाऱ्यांची नावं-पत्ते, आणि मोजणी नकाशा असेल तर तो, नसेल तर हाताने काढलेला कच्चा नकाशा जोडतात. मग लगतच्या सगळ्यांना नोटीस जाते, जागेवर पाहणी होते, पंचनामा होतो. निर्णय मान्य नसेल तर महसुली अपील करता येतं किंवा एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. एकदा दिवाणी दावा लावला की महसुली अपिलाचा मार्ग बंद होतो.

सोप्या भाषेत : होता तो अडवला, तर मामलेदार न्यायालय. नाही तो हवा, तर कलम १४३.

४. घड्याळं सांभाळा

या विषयात कायद्यापेक्षा तारखा जास्त दावे हरवतात. म्हणून चार मुदती एकत्र लिहून घ्या.

– ६ महिने : अडथळ्यानंतर मामलेदार न्यायालयात जाण्याची मुदत.
– १ वर्ष : अडथळा आला हे कळूनही वर्षभर गप्प बसलात, तर तुमचा २० वर्षांचा सलग वापर खंडित झाला असं धरलं जातं.
– २ वर्षं : वापराची २० वर्षं दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. म्हणजे १९७० ते १९९० गेलो आणि आज २०२६ मध्ये दावा, असं चालत नाही.
– २० वर्षं : सलग इतकी वर्षं हक्क वापरलाच नाही तर तो विझतो (कलम ४७).

गावात काय होतं? कुंपण पडतं. पहिला महिना शब्दाशब्दीत जातो. मग कोणीतरी मोठा माणूस मध्ये पडतो, 'दिवाळीनंतर बसू' म्हणतो. दिवाळी होते, लग्नसराई येते. समजुतीने मिटलं तर फारच उत्तम; पण बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. बोलणी चालू ठेवा आणि अर्जही मुदतीत देऊन ठेवा. तडजोड झाली तर अर्ज मागे घेता येतो. गेलेली मुदत मात्र परत आणता येत नाही.

५. किती फूट? थोडं गणित

रस्त्याची रुंदी हा वादाचा दुसरा भाग. इथे जुनं मापन समजलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. आपल्याकडची मोजणीची साखळी ३३ फुटांची. साखळीचे १६ आणे. ३३ × ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर. म्हणून जुन्या कागदांत पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट दिसली तर दचकू नका : ती चार आणे साखळी आहे. साडेसोळा फूट म्हणजे आठ आणे. गावनकाशावर पायवाट एका तुटक रेषेने आणि गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवतात. अर्ज करण्याआधी गावनकाशा बघाच. नकाशावर रस्ता असेल तर वाद अर्धा संपतो.

आता हिशोब करू. बांध ३३० फूट लांब आहे. त्यावरून ८ फूट रस्ता द्यायचा, दोन्ही बाजूंनी ४-४ फूट. एका बाजूची किती जमीन जाईल?

३३० × ४ = १३२० चौरस फूट. १३२० ÷ १०८९ = सुमारे १.२१ गुंठे.

रस्ता १२ फूट केला तर एका बाजूचे ६ फूट, म्हणजे १९८० चौरस फूट, सुमारे १.८२ गुंठे. ज्याची सगळी जमीनच २० गुंठे आहे त्याच्यासाठी हा जवळजवळ अकरावा हिस्सा झाला. म्हणजे रस्ता नाकारणारा प्रत्येक शेजारी आडमुठा असतो असं नाही. त्याचंही काहीतरी जात असतं. अर्ज लिहिताना हे भान ठेवलं तर भाषा आपोआप मवाळ होते, आणि तडजोडीला जागा राहते.

यंत्रांची गरज लक्षात घेऊन महसूल विभागाने २२ मे २०२५ च्या शासन निर्णयात शेतरस्ता ३ ते ४ मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात करावी असं म्हटलं आहे. ही नोंद फार मोलाची आहे. कारण नवा खरेदीदार आधी सातबारा बघतो.

आणखी एक नियम दोन्ही बाजूंनी लागू होतो. एका प्रकारच्या वाटेचा हक्क म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क नव्हे (कलम २८). पायवाटेची वहिवाट सिद्ध केली म्हणून ट्रॅक्टर नेण्याचा हक्क मिळत नाही. आणि लाभ घेणाऱ्या जमिनीत फेरबदल करून भार फार वाढवताही येत नाही (कलम २९). म्हणजे काय? मागची जमीन भातशेती होती म्हणून पुढच्या शेतकऱ्याने बैलगाडीची वाट सोसली. उद्या मागे रिसॉर्ट उभं राहिलं आणि शनिवार-रविवारी त्याच वाटेने गाड्यांची रांग लागली, तर पुढचा शेतकरी हरकत घेऊ शकतो. मावळात हा प्रश्न उलट्या दिशेनेही येतो, हे विसरू नका. अडवणारा नेहमी बंगलेवालाच असतो असं नाही, आणि अडकणारा नेहमी शेतकरीच असतो असंही नाही.

६. खरेदीखतातल्या अटी : कोणती टिकते, कोणती नाही?

आता पाठाचा दुसरा भाग. शेतकरी पुढचा पट्टा विकताना खरेदीखतात अटी घालतो. यासाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ ची तीन कलमं बघायची.

*कलम १० :* जमीन दिल्यावर ती पुढे विकूच नये अशी सरसकट बंदी घातली तर ती अट निरर्थक. खरेदी मात्र टिकते.

*कलम ११ :* जमीन पूर्ण मालकीने दिल्यावर ती कशी वापरायची यावर बंधन घातलं तर खरेदीदार ते बाजूला सारू शकतो. पण एक महत्त्वाचा अपवाद आहे. विकणाऱ्याची शेजारीच दुसरी जमीन आहे, आणि तिचा उपभोग नीट व्हावा म्हणून अट घातली आहे, तर ती अट बजावता येते.

*कलम ४० :* अशी अट पुढच्या खरेदीदारालाही बांधते का? त्याला अटीची माहिती होती, किंवा त्याला जमीन फुकट मिळाली, तर बांधते. पैसे मोजून, माहिती नसताना घेतली असेल तर बांधत नाही. आणि नोंदणीकृत दस्तात अट असेल तर माहिती होती असंच कायदा धरतो (कलम ३).

या विचाराची मुळं इंग्लंडात आहेत. लंडनमध्ये लेस्टर चौकातल्या बागेची जागा विकताना ती मोकळी ठेवण्याची अट घातली होती. जागा हातोहात विकली गेली आणि पुढच्या मालकाने तिथे बांधकाम करायचं ठरवलं. १८४८ साली टल्क विरुद्ध मॉक्सहे या खटल्यात न्यायालय म्हणालं, अट माहीत असून ज्याने जागा घेतली त्याला ती पाळावी लागेल. बागेच्या जागेतून निघालेला हा नियम आज भाताच्या खाचरालाही लागू पडतो.

काही नमुने तपासू :

– 'पूर्वेच्या बांधालगत १० फूट जागा मोकळी ठेवावी, भिंत घालू नये.' विकणाऱ्याच्या मागच्या शेतासाठी आहे. टिकते.
– 'वरच्या खाचरातून येणारं पाणी अडवू नये.' टिकते.
– 'या जमिनीत फक्त भातच लावावा.' शेजारच्या जमिनीचा काही फायदा दाखवता येत नसेल तर टिकत नाही.
– 'पुढे कधीही कोणालाही विकू नये.' टिकत नाही.
– 'खरेदीदाराने दरवर्षी रस्त्यावर मुरूम टाकावा.' हे काम *करण्याचं* बंधन आहे, काही *न करण्याचं* नाही. असं बंधन ज्याने मान्य केलं त्याच्यापुरतं राहतं. त्याच्याकडून जमीन घेणाऱ्याला ते साधारणपणे लागू होत नाही.

आता मघाचं वहीतलं वाक्य काढा. वहिवाटीचा हक्क जमिनीला चिकटतो. तिथे 'मला माहीत नव्हतं' हा बचाव नाही. पण केवळ कराराने घातलेल्या अटीला हा बचाव लागू पडतो. म्हणून जमीन विकताना नुसतं 'भिंत घालू नये' असं लिहून थांबू नका. 'मागच्या गटात जाण्या-येण्यासाठी पाय, गाडी व ट्रॅक्टरने वापरण्याचा कायमचा रस्त्याचा हक्क राखून ठेवला आहे' असं स्पष्ट लिहा, रुंदी टाका, नकाशा जोडा, आणि फेरफाराने इतर हक्कात नोंद करून घ्या. वाक्य एकच आहे, पण ते पुढच्या दोन पिढ्यांचा कोर्टखर्च वाचवतं.

७. कायद्यानेच घातलेले निर्बंध

अटी फक्त माणसं घालत नाहीत, कायदाही घालतो. थोडक्यात पाहू.

– महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८, कलम ६३ : शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.
– त्याच कायद्याचं कलम ४३ : कुळाला मिळालेली जमीन विकण्यावर बंधन. २०१४ च्या दुरुस्तीने, कूळखरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा भरून विकता येते.
– भोगवटादार वर्ग २ : अशा जमिनीच्या हस्तांतरणाला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते.
– तुकडेबंदी कायदा, १९४७ : ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरलं. त्याहून लहान तुकडा विकायला बंधन आहे. मग रस्त्यापुरते दोन गुंठे विकत घ्यायचे कसे? यासाठी मार्च २०२४ मध्ये नियम बदलले. विहीर, शेतरस्ता अशा कारणांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने लहान तुकडा घेता येतो.

८. उदाहरण सोडवू

हे उदाहरण कल्पित आहे. औंढे शिवारात साडेचार एकरांचा एक गट धरा. १९९५ साली तीन भावांत वाटप झालं, प्रत्येकी दीड एकर, हिस्से वेगळे मोजून नोंदले गेले. थोरल्याचा हिस्सा डांबरी रस्त्याला, मधल्याचा त्याच्या मागे, धाकट्याचा ओढ्याकडे. वाटणीपत्रात रस्त्याचा उल्लेख नाही. धाकटा दोघांच्या पूर्वेच्या बांधावरून जायचा. २०२४ मध्ये थोरल्याने आपला हिस्सा एका शेतकरी खरेदीदाराला विकला. १ मार्च २०२५ ला खरेदीदाराने बांधासकट कुंपण घातलं. धाकटा बोलत राहिला, लावणी झाली, आणि नोव्हेंबरात भात बाहेर काढायची वेळ आली तेव्हा तो वडगावला अर्ज घेऊन गेला. आता त्याच्याकडे काय आहे?

*मामलेदार न्यायालय :* सहा महिने ऑगस्टअखेरच संपले. हा दरवाजा बंद.

*कलम १४३ :* चालू आहे. बांधावरूनच रस्ता हवा आहे, म्हणून अर्ज कलमात बसतो. खरेदीदाराबरोबर मधल्या भावालाही पक्षकार करावं लागेल, कारण अर्धी वाट त्याच्या हद्दीवरून जाते. हे विसरलं की निर्णय अर्धवट राहतो.

*दिवाणी दावा :* दोन आधार आहेत. एक, वाटपातून आलेला गरजेचा हक्क. दुसरी वाट नसल्याचं दाखवायला हवं. दुसरा, १९९५ ते २०२५ असा २० वर्षांहून जास्त वापर. पण १ मार्च २०२६ च्या आत पावलं उचलायला हवीत, नाहीतर वर्षभर गप्प बसल्याचा मुद्दा समोरचा काढेल.

*खरेदीदार म्हणतो, 'मला कोणी सांगितलं नाही' :* हक्क वाटपातूनच जन्मला आणि जमिनीला चिकटला आहे. ही सबब चालत नाही. मात्र 'मी फाटक ठेवतो, कुलूप लावत नाही, गुरं आत येऊ नयेत एवढंच' असं तो म्हणाला, तर ऐकण्यासारखं आहे. फाटक वेगळं आणि कुलूप वेगळं. ये-जा सहज होत असेल तर यातच तडजोड आहे.

*थोरल्याने काय करायला हवं होतं?* खरेदीखतात भावाचा रस्ता लिहायला हवा होता. त्याला एक रुपयाही जास्त खर्च आला नसता.

लक्षात ठेवा

आधी गावनकाशा आणि सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना बघा. अडथळा आला त्या दिवशीच तारखेसह फोटो काढा आणि तलाठ्याकडे लेखी कळवून पोच घ्या. तडजोड झाली तर ती तोंडी ठेवू नका, लिहा आणि नोंदवा. आणि वाटप करताना भाऊ एकमेकांशी गोड बोलत असतात, तेव्हाच रस्ता लिहून घ्या. तेव्हा सगळे हो म्हणतात.

हा पाठ समजून घेण्यासाठी आहे. स्वतःच्या प्रकरणात कागद घेऊन वकिलाला भेटाच.

सराव प्रश्न

१. कलम ५ (मामलेदार न्यायालय) आणि कलम १४३ (महसूल संहिता) यांतले तीन फरक लिहा.
२. २५० फूट लांब बांधावरून १० फूट रस्ता, दोन्ही बाजूंनी समान. प्रत्येक बाजूचे किती गुंठे जातील? (उत्तर : सुमारे १.१५ गुंठे)
३. परवानगीने केलेला वापर २५ वर्षं चालला. हक्क मिळेल का? कारण द्या.
४. वरच्या उदाहरणात २०२७ साली ओढ्याच्या बाजूने नवा सार्वजनिक रस्ता झाला. धाकट्याच्या कोणत्या आधाराला धक्का बसेल आणि कोणता उभा राहील?
५. तुमच्या गावचा गावनकाशा मिळवा. त्यातली एक तुटक रेषा निवडा आणि ती वाट आज प्रत्यक्ष जागेवर मोकळी आहे का, ते चालत जाऊन बघा. जे दिसेल ते दहा ओळींत लिहून आणा.